घरचा प्रिंटर आणि नऊ बटणांचा कीपॅड : कारागिराला यात रोजी आहे का?

डहाणू तालुक्यात चिंचणी, वरोर, वाणगाव या पट्ट्यात डाय बनवणारे कारागीर पिढ्यानपिढ्या आहेत. पोलादाच्या ठोकळ्यात छिन्नीने बारीक नक्षी कोरायची आणि तो डाय मुंबईच्या दागिन्यांच्या बाजारात पाठवायचा, हे येथील कित्येक घरांचे काम. सोनार त्या डायवर पत्रा दाबून एकाच नमुन्याचे शेकडो भाग उठवतो. परंतु संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रे आली आणि हाताने कोरलेल्या डायची मागणी घटत गेली. ज्यांची नजर आणि बोटे याच कामात तयार झाली, त्यांच्यापुढे आता पुढच्या पिढीचे काय, हा प्रश्न आहे.

अशाच एका कारागिराने काही महिन्यांपूर्वी आम्हाला विचारले, "भाई, मुलगा म्हणतो थ्रीडी प्रिंटर घेऊ, कॉम्प्युटरचे छोटे कीपॅड बनवून विकू. वीस हजार घालू का यात?" प्रश्न सरळ होता, पण उत्तर सरळ नव्हते. ज्या वस्तूची आपण माहिती देणार ती आधी स्वतः बनवून पाहावी, म्हणून तलासरीतील एका परिचितांच्या घरच्या प्रिंटरवर आम्ही असा कीपॅड बनवला. पहिला बिघडला, दुसरा चालला, तिसरा विकण्याजोगा झाला. त्या अनुभवातून जे कळले ते व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे ठेवत आहोत.

वस्तू काय आहे?

बँकेच्या खिडकीपलीकडे टकटक आवाज करणारा जाडजूड कीबोर्ड आपण पाहिला असेल. आपल्याकडे गाजलेल्या टीव्हीएस गोल्ड कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली जर्मनीच्या चेरी कंपनीचा स्वतंत्र स्विच असतो. साध्या कीबोर्डात सगळ्या बटणांखाली रबराची एकच चादर असते, ती झिजली की कीबोर्ड फेकावा लागतो. स्वतंत्र स्विचच्या कीबोर्डाला मेकॅनिकल कीबोर्ड म्हणतात. त्यातला एखादा स्विच बिघडला तर तेवढाच बदलता येतो. चेरीच्या या रचनेवरील पेटंटची मुदत संपल्यावर इतर कंपन्याही त्याच मापाचे स्विच बनवू लागल्या आणि ते सुटे व स्वस्त मिळू लागले.

अशा सहा, नऊ किंवा बारा स्विचांची छोटी पेटी म्हणजे कीपॅड. ती मूळ कीबोर्डाच्या शेजारी ठेवायची आणि प्रत्येक बटणाला गिऱ्हाइकाच्या कामाचा हुकूम द्यायचा. उदाहरणार्थ, टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्या दुकानदाराला विक्रीसाठी एफ ८, खरेदीसाठी एफ ९, जमेसाठी एफ ६ आणि खर्चासाठी एफ ५ दाबावे लागते. नव्या नोकराच्या हे लक्षात राहत नाही. त्याच्यापुढे "विक्री", "खरेदी", "जमा", "खर्च" अशी ठळक मराठी अक्षरांची बटणे ठेवली, तर पहिल्या दिवसापासून त्याचा हात बसतो.

दुसरा उपयोग हौसेचा. डहाणूच्या मासळी व्यापाऱ्याला पापलेटच्या आकाराचे बटण आणि घोलवडच्या चिकू व्यापाऱ्याला चिकूच्या आकाराचे बटण असलेला कीपॅड गल्ल्याजवळ ठेवायला आवडतो. बाजारात तयार मिळणार नाही अशी वस्तू माणूस भेट म्हणूनही घेतो.

प्रिंटर नेमके काय करतो?

थ्रीडी प्रिंटर कागदावर छापत नाही. प्लॅस्टिकची तार वितळवून तो एकावर एक थर देतो. हलवाई कोनातून जिलेबी पाडतो, तसेच, पण तारेची जाडी अर्ध्या मिलिमीटरहून कमी. ही पद्धत अमेरिकेत स्कॉट क्रम्प यांनी काढली. तिच्या मूळ पेटंटची मुदत २००९ मध्ये संपली. त्याआधी २००५ मध्ये इंग्लंडच्या बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी रेपरॅप नावाचा उपक्रम सुरू करून अशा यंत्राचे आराखडे सर्वांना मोफत खुले केले होते. या दोन गोष्टींमुळे कारखान्यातले यंत्र घराच्या टेबलावर आले.

डाय बनवणाऱ्या कारागिराला यातला फरक लगेच समजेल. डाय एकदा कोरायला दिवस लागतात, पण नंतर हजार नग एकसारखे निघतात. वापी-उंबरगावकडील प्लॅस्टिक कारखान्यांतल्या साच्याचे तेच आहे. साच्याचा खर्च मोठा, नगाचा खर्च नगण्य. प्रिंटरचे याच्या उलट आहे. साचा लागत नाही, पण प्रत्येक नगाला तेवढेच तास लागतात. म्हणून हजार एकसारखे नग विकायचे असतील तर प्रिंटर कामाचा नाही. दहा गिऱ्हाइकांना दहा वेगळे नग हवे असतील तर साचा कामाचा नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढचा निम्मा तोटा टळतो.

मापे आधी, यंत्र नंतर

नऊ बटणांच्या, म्हणजे तीन बाय तीनच्या कीपॅडची मापे अशी. एका बटणाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत १९.०५ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच. स्विच बसण्याचे चौकोनी भोक १४ मिलिमीटरचे. भोकाच्या कडेला पट्टीची जाडी १.५ मिलिमीटर, कारण स्विचच्या बाजूची खाच तेवढ्याच जाडीला पकडते. सबंध पट्टी तेवढीच पातळ ठेवली तर ती दाबल्यावर वाकते. म्हणून भोकांच्या कडा सोडून बाकी पट्टी ३ मिलिमीटर जाड ठेवावी.

पट्टीखाली स्विचचा भाग पायांसह आठ मिलिमीटरहून थोडा अधिक खाली जातो. त्याखाली तारा आणि छोटे सर्किट बसायचे असते. म्हणून पेटीची आतली खोली किमान १८ मिलिमीटर धरावी. तीन बटणांची रांग ५७.१५ मिलिमीटर होते, तिला दोन्ही बाजूंच्या भिंती धरून पेटी साधारण ७० मिलिमीटर रुंद होते.

आमचा पहिला नग येथेच बिघडला. संगणकावर भोक बरोबर १४ मिलिमीटर काढले होते, पण वितळलेले प्लॅस्टिक किंचित पसरते आणि छापलेले भोक लहान येते. स्विच जोराने दाबला आणि पट्टी तडकली. मग आम्ही १४, १४.१ आणि १४.२ मिलिमीटरची तीन भोके असलेला छोटा तुकडा छापला. त्या यंत्रावर १४.१ चे भोक नेमके बसले. प्रत्येक यंत्राचे हे माप वेगळे निघते. म्हणून नवे यंत्र किंवा नवी तार घेतली की आधी असा चाचणीचा तुकडा छापावा. त्याला पंधरा-वीस मिनिटे लागतात, पूर्ण पेटीला सहा-सात तास.

आराखडा काढण्यासाठी टिंकरकॅड किंवा फ्रीकॅड हे मोफत प्रोग्राम पुरेसे आहेत. त्याचे थर पाडून यंत्राला सांगण्यासाठी क्युरा नावाचा मोफत प्रोग्राम मिळतो. ज्या मुलाला शाळेत भूमिती जमली, त्याला हे आठवड्याभरात जमते.

छापताना आपल्या हवेचा विचार

सुरुवातीला पीएलए नावाची तार वापरावी. ती सोपी आहे, साधारण २०० ते २१० अंश उष्णतेवर वितळते आणि वास कमी येतो. थराची जाडी ०.२ मिलिमीटर ठेवावी. पण पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडते. तलासरीच्या मे महिन्यातल्या उन्हात बंद गाडीत पुढच्या काचेजवळ ठेवलेला आमचा दुसरा नग अर्ध्या दिवसात वाकडा झाला. गाडीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये वापरायची वस्तू असेल तर पीईटीजी तार घ्यावी. तिला छापायला उष्णता अधिक लागते, पण ती उन्हात टिकते.

डहाणूची हवा दमट आणि खारी. तार ओलावा शोषते, मग छापताना तडतड आवाज येतो आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. रीळ घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे. स्क्रू साधे लोखंडी घेतले तर एका पावसाळ्यात गंजतात. स्टेनलेस किंवा पितळेचे घ्यावेत.

लाईट गेल्यावर अर्धवट राहिलेला नग पुढे छापण्याची सोय बऱ्याच यंत्रांत असते, पण तोवर खालचा पाट थंड होऊन नग सुटतो. आमचा एक नग पाचव्या तासाला असाच गेला. इन्व्हर्टर नसेल तर काम पहाटे लावावे किंवा पेटीचे दोन भाग वेगवेगळे छापावेत. यंत्र चालू असताना खिडकी उघडी ठेवावी आणि घरात कोणी नसताना ते चालू ठेवून जाऊ नये. त्याचे तोंड २०० अंशांवर तापलेले असते, घरात लहान मुले असतात.

अक्षर आणि नक्षी : येथे कारागिराचा हात

बटणाच्या टोपीला कीकॅप म्हणतात. आतून तिला अधिक चिन्हाच्या आकाराची खाच असते आणि स्विचची दांडी त्या खाचेत बसते. ही खाच नाजूक असते, म्हणून टोपी ०.१२ मिलिमीटरच्या बारीक थरात छापावी. पापलेटसारखी मोठी टोपी करायची तर तिची लांबी ३० मिलिमीटरच्या आत ठेवावी. त्याहून लांब टोपी एका दांडीवर डुगडुगते.

प्रिंटरची खरी अडचण अक्षरांची. यंत्राचे तोंड सहसा ०.४ मिलिमीटरचे असते. अक्षराची रेघ किमान दोन तारांची, म्हणजे ०.८ मिलिमीटरची नसेल तर ती तुटक येते. बारा मिलिमीटरच्या बटणावर "विक्री" लिहिले की शिरोरेषा आणि वेलांटी एकमेकांत मिसळतात. उर्दू अक्षरांचे नुक्ते तर नाहीसेच होतात.

आमच्या ओळखीच्या त्या कारागिराने यावर आपला उपाय काढला. टोपी कोरी छापायची. पितळेच्या पातळ पत्र्यावर डायने नक्षी किंवा अक्षर उठवायचे आणि तो पत्रा टोपीवर चिकटवायचा. आम्ही वजन तपासले. सोळा मिलिमीटर चौरस आणि ०.३ मिलिमीटर जाड पितळेचा पत्रा एक ग्रॅमहून कमी भरतो. हलक्या स्विचचे बटण साधारण ४५ ग्रॅम दाबाने लागते, म्हणून एवढ्या वजनाने ते अडकत नाही. टोपीचे एकूण वजन दहा ग्रॅमच्या आत ठेवले की स्प्रिंग तिला व्यवस्थित वर आणते. असा पितळी पापलेट ना प्रिंटरवाल्याला जमतो, ना प्लॅस्टिकच्या कारखान्याला.

जोडणी आणि प्रोग्राम

आत रास्पबेरी पाय पिको नावाचे छोटे सर्किट घ्यावे. २०२१ मध्ये बाजारात आलेले हे सर्किट २१ बाय ५१ मिलिमीटरचे आहे, म्हणजे आपल्या पेटीत आडवे बसते. प्रत्येक स्विचला दोन पाय असतात. सर्व स्विचांचा एकेक पाय एकाच तारेने जोडून ती तार सर्किटच्या ग्राउंडला द्यावी. उरलेला एकेक पाय सर्किटच्या वेगवेगळ्या पिनला द्यावा. पिकोला अशा २६ पिना आहेत, म्हणून नऊ बटणांना डायोड वगैरे काही लागत नाही. रेडिओ-मोबाइल दुरुस्त करणाऱ्याला हे तासाभराचे काम आहे. कावीय तीन सेकंदांहून जास्त टेकवू नये, नाहीतर स्विचचे प्लॅस्टिक वितळते.

सर्किटवरचे छोटे बटण दाबून धरून ते संगणकाला जोडले की ते पेन ड्राइव्हसारखे दिसते. त्यात सर्किटपायथनची फाइल टाकायची. नंतर केएमके नावाचा मोफत प्रोग्राम त्यात ठेवायचा आणि कोणत्या बटणाला कोणता हुकूम, ते साध्या मजकुरात लिहायचे. संगणक या कीपॅडला साधा कीबोर्डच समजतो, वेगळे काही बसवावे लागत नाही.

येथे एक फसगत होते, ती आमचीही झाली. कीबोर्ड संगणकाला अक्षर पाठवत नाही, फक्त कोणते बटण दाबले त्याचा क्रमांक पाठवतो. त्या क्रमांकाचे अक्षर काय करायचे, ते संगणकावर निवडलेल्या भाषेच्या मांडणीवर ठरते. आमच्या घरी रुपयाचे चिन्ह देणारे बटण गिऱ्हाइकाच्या दुकानात भलतेच चिन्ह देऊ लागले, कारण त्यांच्या संगणकाची मांडणी वेगळी होती. म्हणून मराठी किंवा उर्दू मजकुराचे बटण गिऱ्हाइकाच्या संगणकावर बसवून, तपासूनच द्यावे.

वहीतला हिशेब

आम्हाला नऊ बटणांच्या एका नगाला पडलेला खर्च असा. भाव बदलतात, म्हणून स्वतः चौकशी करावी. नऊ स्विच २७० रुपये. सर्किट ४०० रुपये. प्लॅस्टिकची तार, बिघडलेले तुकडे धरून, १३५ रुपये. केबल १२० रुपये. स्क्रू, तार, कथील आणि रबराचे पाय ७५ रुपये. एकूण १,००० रुपये. यात वीज आणि यंत्राची झीज धरली तर आणखी ९० रुपये. चार तास हाताचे काम होते. तासाला सव्वाशे रुपये मजुरी धरली तर ५०० रुपये. म्हणजे नग १,५९० रुपयांना घरात पडला. पितळेची नक्षी करायची तर डाय कोरण्याची मजुरी वेगळी.

मजुरी न धरता "हजारात बनतो, दीड हजाराला विकू, पाचशे सुटतात" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. ते पाचशे म्हणजे नफा नव्हे, ती आपलीच मजुरी आहे. परदेशातून येणारे तयार कीपॅड जवळपास याच किमतीत मिळतात. तेव्हा किमतीवर स्पर्धा करायला जाणारा बुडेल. मराठी-उर्दू अक्षर, गिऱ्हाइकाच्या धंद्याची नक्षी, दुकानात येऊन बसवून देणे आणि बिघडला तर दुरुस्त करणे, या चार गोष्टी दूरचा कारखाना देऊ शकत नाही. पैसे याच चार गोष्टींचे मिळतात.

विकताना घ्यायची काळजी

काही गिऱ्हाइके सांगतात, एका बटणात बँकेचा पासवर्ड भरून द्या. हे काम कधीही घेऊ नये. सर्किटमधला मजकूर कोणीही संगणकाला लावून वाचू शकतो. उद्या काही झाले तर गिऱ्हाईक तुमच्याकडेच बोट दाखवेल. दुसऱ्याचा पासवर्ड ही अमानत आहे, ती आपल्याकडे नसलेलीच बरी.

सिनेमातली पात्रे किंवा कंपन्यांची बोधचिन्हे बटणांवर छापून विकू नयेत. ती दुसऱ्याची मालमत्ता आहे. आपल्याकडे पापलेट, चिकू, होडी, ताडाचे झाड यांची कमतरता नाही.

बिनतारी कीपॅड बनवण्याचा मोह टाळावा. २०१२ च्या सरकारी आदेशाने बिनतारी कीबोर्डांना बीआयएसची नोंदणी सक्तीची केली. तारेच्या कीपॅडचा व्यापार वाढवण्यापूर्वीही बीआयएसकडे चौकशी करून घ्यावी.

तलासरीच्या बांधवांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. महाराष्ट्रात वस्तूंच्या व्यापारात वर्षाची उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. पण माल परराज्यात पाठवला की ही सूट लागू राहत नाही. आपल्याला वापी-उंबरगाव शेजारचे गाव वाटते, पण कायद्याने ते दुसरे राज्य आहे. तिकडे कुरियर करण्याआधी कर सल्लागाराला विचारावे.

मग प्रिंटर घ्यावा का?

२० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला आणि मोठ्या कारखान्यांवर मर्यादा आल्या. त्यामुळे घरात बसून करता येईल अशा कामाचे मोल येथे अधिक आहे. तरीही आमचे उत्तर असे की, आधी प्रिंटर घेऊ नये. पहिले दहा नग दुसऱ्याच्या प्रिंटरवर तासाचे भाडे देऊन छापून घ्यावेत. दहा नगांचे रोख गिऱ्हाईक मिळाले आणि त्यातले दोघे पुन्हा आले, तर मग स्वतःच्या पैशाने यंत्र घ्यावे. हप्त्याने किंवा व्याजाने मुळीच घेऊ नये, कारण हे काम दिवाळी, ईद आणि लग्नसराईत चालते, हप्ता मात्र बाराही महिने येतो.

त्या कारागिराला आम्ही हेच सांगितले. मुलगा थोडा नाराज झाला. पण त्याने तलासरीच्या त्याच प्रिंटरवर पेट्या छापून घ्यायला सुरुवात केली आणि वडिलांनी पितळेच्या नक्षीसाठी छोटा डाय कोरला. आतापर्यंत सहा नग गेले आहेत, त्यातले चार पितळी पापलेटचे. कोऱ्या प्लॅस्टिकच्या नगाबद्दल गिऱ्हाइकांनी घासाघीस केली, पितळेच्या नगाबद्दल केली नाही. वीस हजार रुपये अजून घरातच आहेत. दहावा नग गेल्यावर बापलेक पुन्हा हिशेबाला बसणार आहेत.